घारीची खुर्ची

उंच क्रेनच्या डोक्यावर जी काचेची खोली असते, तिच्यात एकच खुर्ची मावते. या बांधकामावर त्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला सगळे 'घार' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते विचारू नये, कारण जो तो छाती पुढे काढून सांगतो की मीच. तिचा नवरा त्याच क्रेनच्या पायाशी उभा राहून तिला इशारे करायचा. हात वर गेला की उचल, बोट गोल फिरलं की हळू. त्यावरून त्याला 'हातवारे' म्हणू लागले. नवी माणसं ते आडनावच समजत आणि हातवारेसाहेब, हातवारेसाहेब करत त्याच्या मागे फिरत. त्याने कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. फुकट मिळालेला साहेब कोण सोडतो?

दोघांचा संसार असा दोन पातळ्यांवर चालायचा. घरी, सासूबाईंच्या देखत, ती त्याला 'अहो' म्हणायची. शिडी चढून वर गेली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला की लगेच 'अरे'. "खाली, वर बोलतेय. अरे, जागा आहेस का झोपलास?" हे सगळ्या बांधकामाला ऐकू जायचं, कारण सगळ्यांचा चॅनल एकच. हातवारेला त्याचं काही वाटत नसे. कामाचे नियम त्याला पाठ होते आणि आवडतही होते. वरच्याने सांगितलेलं खालच्याने पुन्हा म्हणून दाखवायचं, तोवर वजन हलवायचं नाही. 'उचल' म्हणायचा हक्क एकट्या हातवारेचा, पण 'थांब' कुणीही म्हणावं. अगदी पाणी देणाऱ्या बाईनेसुद्धा. आणि 'थांब' म्हटलं की आधी थांबायचं, का ते मग विचारायचं.

मग ढब्बू झाली. नाव कागदावर वेगळं आहे, पण त्या गालांकडे बघून दुसरं काही तोंडात येणं शक्य नव्हतं. दिवस गेलेल्या बाईने शिडी चढायची नाही असा कंपनीचा नियम, आणि तो रास्तच होता. घार जमिनीवर उतरली. तिच्या खुर्चीवर एक बदली माणूस बसला. बाळंतपण अवघड गेलं, टाके पडले, घारीने 'पुन्हा नको' आणि 'निदान एवढ्यात तरी नको' या दोन वाक्यांमध्ये बरेच हेलकावे खाल्ले आणि दुसऱ्यावर स्थिर झाली. ढब्बू चार महिन्यांची झाली तेव्हा ती कामावर परतली. बदलीवाल्याने खुर्ची पुसून दिली खरी, पण देताना गोड हसून म्हणाला, "बसा बाई. बघू किती दिवस बसता."

ते वाक्य घारीच्या डोक्यात जाऊन बसलं. मुकादमही तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, "हे बघ, एकदा सुट्टी झाली, ठीक आहे. वर्षाच्या आत दुसरी घेतलीस तर खुर्ची त्याची. माझ्या हातात काही राहणार नाही." म्हणजे आता दिवस राहणं परवडणारं नव्हतं. शरीराला तर नव्हतंच, खुर्चीलाही नव्हतं. ही खुर्ची मिळवायला तिने पाच वर्षं सिमेंटच्या गाड्या मोजल्या होत्या.

अशी वेळ आल्यावर एखादी बाई धावत दवाखान्यात गेली असती. घार गेली नाही, कारण घरात सासूबाई होत्या.

सासूबाईंचं म्हणणं एकच आणि ठाम होतं. "अंगावर पाजतेस ना? मग बिनघोर राहा. पाजणाऱ्या बाईला दिवस राहत नाहीत. मी दोघांना पाजलं, मला कधी काही झालं नाही." हे त्या अशा थाटात सांगायच्या की पुढे बोलायची सोय नसे. आणि चार महिने त्यांचं म्हणणं खरंही ठरलं होतं. ढब्बू दिवसरात्र आईला चिकटलेली, पाळीचा पत्ता नाही, सगळं आलबेल. कामावर जाऊ लागल्यावर घार जेवणाच्या सुट्टीत वरच, काचेला ओढणी लावून दूध काढायची आणि बर्फाच्या पिशवीत घालून दोरीने खाली सोडायची. हातवारे ते दोन्ही हातांनी असं झेलायचा की विटांचा गठ्ठा झेलताना त्याने कधी इतकी काळजी घेतली नव्हती. घरी सासूबाई ते वाटी-चमच्याने पाजायच्या. घारीला वाटलं, पाजणं चालूच आहे की.

आता या सगळ्यात एक गोष्ट सासूबाईंच्या लक्षात आली नव्हती. इमारत चढते तशी क्रेनही चढवावी लागते. घार सुट्टीवर होती तेव्हा क्रेनला दोन टप्पे जोडले गेले. पूर्वी वरून, जवळच असलेल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तेवढी दिसायची. आता टाकीच्या मागचंही दिसत होतं.

दिवस साधाच होता. हूकला लोखंडी गजांची जुडी होती. हातवारेने हात वर केला, घारीने जुडी उचलली, फिरवली, जागेवर नेऊन ठेवली. हूक मोकळा होईपर्यंत सहज तिची नजर गच्चीवर गेली. टाकीच्या आडोशाला सासूबाई मांडीवर ढब्बूला घेऊन बसल्या होत्या. शेजारी कठड्यावर एक मोठा डबा. निळ्या झाकणाचा. असा डबा घरात नव्हता. आणि ढब्बूच्या तोंडात बाटली, वाटी-चमचा नव्हे, चांगली निपलवाली बाटली, आणि ढब्बू ती दोन्ही हातांनी धरून चोखत होती. जणू जन्मापासून तिचा हाच धंदा.

घारीचा हात आपसूक बटणावर गेला.

"खाली, वर बोलतेय. अरे, आई ढब्बूला पावडरचं दूध पाजतायत!"

नियम म्हणजे नियम. हातवारे गंभीरपणे म्हणाला, "वर, खाली बोलतोय. आई ढब्बूला पावडरचं दूध पाजतायत. समजलं." मग त्याला ते खरंच समजलं. "काय?"

"डबा दिसतोय मला! किती दिवस चाललंय देव जाणे! अरे, आपण फक्त अंगावरच्या दुधाच्या भरवशावर राहिलो होतो. माझी पाळी आलेली नाही म्हणून मी निवांत होते. आता ती पाजण्यामुळे आली नाही, की भलत्याच कारणाने, ते कसं कळायचं?"

चॅनलवर शांतता पसरली. अशी शांतता या बांधकामावर फक्त मोठे साहेब आले की पसरते. मग एकेक आवाज फुटू लागला. तिसऱ्या मजल्यावरचा सुतार म्हणाला, "वहिनी, आमची ही तांबी बसवून आली. काही त्रास नाही." वायरमन म्हणाला, "गोळ्या घ्या, सोप्या." "तू घेतोस का रे गोळ्या? मग सोप्या कशावरून?" ही पाणी देणारी बाई. बदलीवालाही कुठूनतरी उगवला. "आम्ही आहोत की, बाई. खुर्चीची काळजी नको." शेवटी मुकादमाचा आवाज आला. "थांब! सगळे थांबा! हा कामाचा चॅनल आहे का चावडी?"

सगळे थांबले. घारीने कपाळावर हात मारला. खाली बघितलं तर हातवारे दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता, आणि या इशाऱ्याचा अर्थ कुठल्याही पुस्तकात दिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांची वरात दवाखान्यात. ढब्बू सासूबाईंच्या कडेवर, आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर, 'मी काही केलंच नाही आणि केलं असेल तर चांगलंच केलं' असा भाव. हातवारेने शर्टाच्या खिशात गोळ्यांची एक जुनी पट्टी आणली होती, ढब्बूच्या आधी घार घ्यायची तीच. ती त्याने कपाटाच्या तळातून शोधून काढली होती आणि त्या शोधावर तो भलताच खूश होता.

कुटुंबनियोजनाच्या खोलीतल्या सिस्टर तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ होत्या. पट्टी बघताच त्यांनी ती दोन बोटांत धरून बाजूला ठेवली. "या आत्ता नकोत. यातल्या एका औषधाने दूध कमी होऊ शकतं, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तर रक्ताच्या गाठीचीही भीती असते. आधी चालत होत्या म्हणून आता चालतील असं नाही. आणि साहेब, मुदत बघितलीत का? संपलीये."

साहेबांनी पट्टी परत खिशात घातली.

"आता सांगा. बाळ फक्त अंगावर?"

घारीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी ढब्बूकडे पाहिलं. ढब्बू जांभई देऊन मोकळी झाली.

"मी पावडर देते दुपारी," सासूबाई एकदाच्या म्हणाल्या. "ही कामावर गेली त्याच आठवड्यापासून. हिचं दूध पुरत नाही, पोर रडते. हिला सांगितलं असतं तर ही धावत शिडी उतरून आली असती. पडली असती एखादे वेळी. म्हणून गप्प राहिले. पण पाजणं काही बंद नाही! सकाळ-संध्याकाळ पितेच की पोर अंगावर. आणि पाजणाऱ्या बाईला काही होत नाही."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "होत नाही, पण केव्हा? बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नको, आणि दिवसरात्र, फार खंड न पाडता, फक्त अंगावर पाजायला हवं. तीन पायांचं स्टूल आहे हे. एक पाय काढला की त्यावर बसू नये. हिने काढून ठेवलेलं दूध बाळाला उत्तम, ते द्याच. पण बाळ स्वतः ओढतं त्यावर हा उपाय चालतो, त्यामुळे कामावर जायला लागल्यावर तो आधीच कच्चा झाला होता. वर बाटली आली. आणि पाळीची वाट बघत बसायचं नसतं, पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात."

"मला नाही राहिले," सासूबाई म्हणाल्या. "मी दोन पोरांना पाजलं."

"दोघांत अंतर किती?"

"आहे की चांगलं."

हातवारे भिंतीवरचं चित्र बघत होता. तो हळूच म्हणाला, "आई, मी आणि धाकटा एकाच वर्गात होतो."

हातवारे पहिल्यांदाच स्वतःच्या वाक्यावर विचार करत होता. "सगळे आम्हाला जुळे समजायचे. वर्गातल्या बाई तर एकदा म्हणाल्या की... आई, मी वर्षाचा व्हायच्या आधी तुला दिवस राहिले होते!" चाळिशीकडे झुकलेल्या या माणसाने आयुष्यभर वजनं, अंतरं, कोन जोखले, पण आपल्या घरातली एवढी बेरीज कधी केली नव्हती. त्याच्याच का, घारीच्याही लक्षात आलं नव्हतं. दर दिवाळीला धाकट्या दिराला ओवाळताना तिने त्याचं वय किती वेळा विचारलं असेल.

सासूबाईंचा चेहरा उतरला. सिस्टरांनी ओळखलं आणि विषय बदलला. आता त्यांना घार आणि हातवारे शेवटचे जवळ कधी आले ते हवं होतं. सासूबाईंसमोर या प्रश्नाने दोघांची जी त्रेधा उडाली ती सांगण्यात अर्थ नाही. हातवारेचं बोट सवयीने गोल फिरू लागलं, 'हळू, हळू'. थोडक्यात, घार कामावर परतल्यानंतरच्या पहिल्या पगाराच्या दिवशी ढब्बू लवकर झोपली होती.

तपासणीसाठी नमुना घेतला आणि बाहेर थांबायला सांगितलं. हातवारे ढब्बूला खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालू लागला. बाकावर दोघी उरल्या. घारीला खुर्ची दिसत होती, खुर्चीवर बदलीवाला, आणि त्याचं ते गोड हसू. सासूबाईंवर ओरडावं असं तिने घरून ठरवून आणलं होतं.

"माझीही खुर्ची होती," सासूबाई अचानक म्हणाल्या.

घार ओरडायचं विसरली.

"टेलिफोनच्या ऑफिसात. कानाला हेडफोन, समोर शंभर भोकं. कुणाचा फोन कुणाला जोडायचा ते माझ्या हातात. डॉक्टरला, पोलिसाला, भांडून माहेरी गेलेल्या बायकोला. काय मजा यायची गं! थोरला झाला, सुट्टी घेतली, परत गेले. माझ्या सासूबाई म्हणाल्या पाजतेस तोवर काळजी नको. मी दिवसा ऑफिसात, पोर घरी वरच्या दुधावर. धाकटा पोटात राहिला. दुसऱ्यांदा सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, घरीच बसा आता."

"मग आई, तुम्ही मला तेच कसं सांगितलंत?" घारीचा आवाज चढलाच. तिला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता.

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "धाकटा लहानपणी विचारायचा, आई, मी इतका पाठोपाठ कसा आलो? त्याला कसं सांगू की चुकून आलास? तुझ्यामुळे माझी नोकरी गेली? म्हणून सांगत राहिले, मला हवं होतं तेव्हाच आलास, पाजताना कुठे काही होतं! इतकी वर्षं सांगितलं, की मलाच खरं वाटायला लागलं. तुझं नुकसान करायचं नव्हतं गं मला. तुझी खुर्ची जाऊ नये म्हणून तर मी पावडर आणली."

घारीने सासूबाईंचा हात हातात घेतला. तो थंडगार होता.

सिस्टरांनी आत बोलावलं. "आज तरी नाही दिसत. पण अगदी अलीकडचं असेल तर इतक्यात दिसणार नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. तोवर निरोध, आणि न चुकता." मग त्यांनी पुढचं सांगितलं. पाजणाऱ्यांसाठी वेगळ्या गोळ्या असतात, दुधाला चालतात, पण रोज ठरल्या वेळी घ्याव्या लागतात. घार म्हणाली, माझी शिफ्ट आठवड्याला बदलते, मला वेळेवर जेवायला जमत नाही. इंजेक्शन असतं, ते घेतल्यावर बंद केलं तरी पुन्हा दिवस राहायला वेळ लागू शकतो. तांबीत औषध नाही, दुधाशी तिचा संबंध नाही, सुरुवातीला पाळी जास्त जाते, पोटात कळ येते, आणि हवं तेव्हा काढता येते.

"आणि माझं?" हातवारेने विचारलं. "ते ऑपरेशन?"

सिस्टरांनी त्याच्याकडे नव्या नजरेने पाहिलं. "पुढे मूल नकोच असं दोघांचं पक्कं असेल तर सगळ्यांत सोपं तेच."

"पक्कं नाही," घार म्हणाली. "पुढे कधीतरी हवं. पण मी म्हणेन तेव्हा. तांबी."

"तांबी. समजलं," हातवारे म्हणाला.

तीन आठवडे कसे गेले ते घारीलाच ठाऊक. बांधकामावर रोज कुणी ना कुणी 'काय झालं?' असं नजरेने विचारायचं आणि पाणी देणारी बाई त्यांना नजरेनेच हाकलायची. दुसरी तपासणीही कोरी निघाली आणि त्याच दिवशी तांबी बसली. थोडं दुखलं, दोन दिवस कंबर धरली, मग घार शिडी चढली. बदलीवाल्याने खुर्ची पुसून दिली. या वेळी तो हसला नाही. त्याला दुसऱ्या इमारतीवर पाठवलं होतं.

रविवारी धाकटा आला, बायको आणि नवं बाळ घेऊन. धाकटी जाऊ अजून कोवळी बाळंतीण, डोळ्यांखाली काळं, शाळेत शिकवायची आणि परत कधी रुजू होता येईल याचे मनात हिशेब चाललेले. दोन्ही बाळं शेजारी शेजारी निजवली होती आणि ढब्बूच्या शेजारी ते नवं बाळ अगदीच बारीक दिसत होतं.

धाकटी जाऊ संकोचत म्हणाली, "आई, एक विचारू? पाजत असलं की... काही काळजी नसते ना? हे म्हणत होते, तुम्ही नेहमी सांगता."

हातवारेच्या तोंडावर हसू आलं. इतक्या दिवसांचा विनोद त्याच्या जिभेवर तयार होता. "अगं, आईचा पुरावाच तुझ्या शेजारी बसलाय, एकाच वर्गात..." समोरून घारीचा हात आडवा झाला. तळवा खाली, एक झटका. थांब. हातवारे अर्ध्या वाक्यावर थांबला. का ते त्याने विचारलं नाही.

सगळे सासूबाईंकडे बघत होते. त्या धाकट्याकडे बघत होत्या.

"खोटं आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगायची ते खोटं होतं. थोडे महिने चालतं, ते पण नेम पाळला तर. माझ्या बाबतीत नाही चाललं." मग त्यांनी धाकट्याचा हात धरला. "तू पाजतानाच आलास रे. माझी नोकरी गेली तेव्हा. हे तुला कधी कळू नये म्हणून मी..."

"मला ठाऊक आहे," धाकटा म्हणाला. "शाळेच्या दाखल्यावर तारखा असतात, आई. दादाने बघितल्या नसतील, मी बघितल्या होत्या. मला वाटायचं, तुला नको होतो म्हणून तू कधी बोलत नाहीस."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "नको नव्हतास रे, मेल्या. मला तूही हवा होतास आणि ती खुर्चीही हवी होती. दोन वर्षं उशिरा आला असतास तर दोन्ही मिळालं असतं. एवढंच. लवकर आलास तू."

"सॉरी," धाकटा म्हणाला.

सासूबाई आधी रडत होत्या, आता हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. उशिरा आल्याबद्दल माफी मागणारे त्यांनी खूप बघितले होते, लवकर आल्याबद्दल मागणारा हा पहिलाच.

मग त्या धाकट्या सुनेकडे वळल्या. "उद्या सिस्टर असतात. मी येते तुझ्याबरोबर. तुझ्या शाळेची खुर्ची आपण जाऊ द्यायची नाही. आणि मध्ये कुणी म्हणालं ना, काही होत नाही, बिनघोर राहा, मग ते कुणी का असेना, मी असले तरी..." त्यांनी हात आडवा केला, तळवा खाली, आणि एक झटका दिला. अगदी बरोबर दिला.

"कोपर थोडं सरळ, आई," हातवारे म्हणाला.

सासूबाईंनी कोपर सरळ केलं.